धोरणसंस्थांच्या अर्जात मराठीला जागा हवी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्था, ज्यांना आता मराठीतही सर्रास ‘थिंक टँक’ म्हटले जाते, दरवर्षी संशोधन सहायक, क्षेत्र समन्वयक, माहिती विश्लेषक अशा पदांसाठी आणि एक-दोन वर्षांच्या फेलोशिपसाठी (म्हणजे मानधन घेऊन प्रत्यक्ष काम करत शिकण्यासाठी) अर्ज मागवतात. या जाहिराती दिल्ली, बंगळुरू, मुंबई आणि पुण्यातील विद्यार्थ्यांना वेळेवर कळतात. आमच्या भागात त्या कळतात तेव्हा अर्जाची मुदत बहुधा संपलेली असते, आणि एखादी वेळेत हाती लागली तरी तो अर्ज आमच्या मुलांना समोर ठेवून तयार केलेला नाही हे पहिल्या पानावरच लक्षात येते. मी घाटंजी तालुक्यातील एका सार्वजनिक वाचनालयात गेली एकोणीस वर्षे ग्रंथपाल आहे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील अभ्यासिकेत सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली बसतात. त्यांच्यापैकी एका मुलीने गेल्या वर्षी असा एक अर्ज भरला. त्यात काय झाले हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मुलगी अर्थशास्त्रात एम.ए. आहे. घरी पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. सन 2023 च्या खरिपात राज्य सरकारने एक रुपयात पीक विमा योजना आणली, तेव्हा नुकसान झाल्यास 72 तासांच्या आत कळवावे, असा नियम होता. आपल्या गावात किती जणांनी कळवले आणि ज्यांनी कळवले नाही त्यांनी का कळवले नाही, हे विचारत ती घरोघर फिरली आणि एका दोनशेपानी वहीत तिने ते लिहून काढले. मी ती वही पाहिली आहे. पट्टीने आखलेले रकाने आहेत : खातेदाराचे नाव, पीक, पाणी वावरात शिरले तो दिवस, तक्रार नोंदवल्याचा दिवस आणि वेळ, मोबाइल कोणाच्या नावावर, त्या दिवशी तो मोबाइल कुठे होता. हा शेवटचा रकाना तिला तिसऱ्या-चौथ्या घरी सुचला, म्हणून पहिल्या पानावर तो समासात बारीक अक्षरांत कोंबलेला आहे. मोबाइल मुलाजवळ आणि मुलगा पुण्याला कंपनीत, सातबारा सासऱ्याच्या नावावर आणि सासरा अंथरुणाला खिळलेला, टॉवर बंद, ॲपमध्ये गट क्रमांक दिसत नाही, अशा नोंदी पानोपानी आहेत. एखादा नियम वावरापर्यंत पोहोचताना कुठे अडतो हे शोधण्यासाठी धोरणसंस्था ज्या कामाला ‘फील्ड स्टडी’ म्हणतात, ते याहून फारसे वेगळे नसावे.

अर्जात ‘क्षेत्रकार्याचा अनुभव’ असा एक रकाना होता आणि त्यापुढे ‘संस्थेचे नाव’ भरणे सक्तीचे होते. तिने ‘स्वतः’ असे लिहिले. खाली कालावधी आणि वरिष्ठांचा ईमेल विचारला होता. वरिष्ठ कोणी नव्हतेच, त्यामुळे अर्ज पुढे सरकेना. शेवटी मी वाचनालयाचे नाव लिहायची परवानगी दिली, तेव्हा तो रकाना सुटला. नंतर दोन प्राध्यापकांची नावे आणि महाविद्यालयाचा अधिकृत ईमेल मागितला. तिला शिकवणारे दोघेही तासिका तत्त्वावरचे. अधिकृत ईमेल त्यांना कधी मिळालाच नव्हता, आणि एकाची नेमणूक तर त्या महिन्यात संपलेली होती. त्यानंतर लेखनाचा नमुना, फक्त इंग्रजीत, दोन पाने. वहीतील सगळे सार तिने मराठीत अतिशय नेटके लिहिले होते. मी आणि एका सेवानिवृत्त शिक्षकांनी मिळून त्याचे इंग्रजी केले. ते इंग्रजी वाचताना तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला संकोच म्हणावे की परकेपणा, हे मला ठरवता आले नाही. मुलाखतीला बोलावणे आले नाही, नकाराचे पत्रही आले नाही. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. असे अर्ज अनेक संस्थांचे असतात, आणि तिच्यापेक्षा सरस उमेदवार त्यांना मिळाले असतील हेही शक्य आहे. पण ती वही पाहून कोणी तिला नाकारलेले नाही. वही त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिले, तर याच संस्थांना आमच्या गावांतील मुले लागतात आणि मिळतातही. पाहणी करायची असली की एखादी सर्वेक्षण कंपनी तालुक्यात येते, बारावी किंवा पदवी झालेली मुले गोळा करते, हातात टॅब देते आणि एका फॉर्ममागे ठरावीक रक्कम देते. कोणत्या घरी दुपारी बाई एकटी असते, कोणत्या तांड्यावर बंजारा बोलीत विचारले तरच उत्तर मिळते, कर्जाचा प्रश्न नवऱ्यासमोर विचारू नये, हे त्या मुलांना ठाऊक असते आणि त्यांच्या त्या समजुतीवरच गोळा झालेल्या आकड्यांचा खरेपणा टिकतो. अहवाल मात्र इंग्रजीत येतो, मुलांची नावे बहुधा त्यात नसतात, आणि दोन हंगाम असे काम केलेल्या मुलाने उद्या त्याच क्षेत्रातील फेलोशिपला अर्ज केला, तर अनुभवाचा दाखला द्यायला कंपनीचा मुकादमही सापडत नाही.

दुरून ठरलेल्या धोरणाने काय होते हे विदर्भाला कोणी शिकवायला नको. सन 2006 मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात शेतकऱ्यांना दुधाळ जनावरे देण्याची योजना होती. ज्या घरी बैलाच्या वैरणीची उन्हाळ्यात मारामार, तिथे संकरित गायीच्या पेंडीचा खर्च कोण करणार, हा प्रश्न गावातील कोणत्याही गुराख्याने विचारला असता. अनेकांनी त्या गायी विकून टाकल्या. पुढे 2017 मध्ये आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा बनावट औषधे, बेकायदा बियाणे, दुकानदारांची बेपर्वाई, हातमोज्यांचा अभाव अशी कारणे चर्चेत आली आणि ती खरीच होती. पण त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि नळी वर धरून फवारताना औषध तोंडावर येत होते, ही गोष्ट पाठीवर पंप घेतलेल्या प्रत्येक मजुराला पहिल्याच दिवशी माहीत होती. चौकशीपर्यंत पोहोचायला तिला फार वेळ लागला. पंप उचललेल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी संशोधनाच्या टेबलापाशी बसलेली असती, तर हा प्रश्न आधी विचारला गेला असता असे मला वाटते. हे सिद्ध करता येणार नाही, हेही मला कळते.

धोरणाचा अभ्यास ही महानगरांची मिरास आहे, असा समज आमच्याच लोकांमध्ये फार पक्का आहे, आणि तो इतिहासाला धरून नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला. त्याचे काम पाहणारे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या अध्यक्षतेखाली पुढे चारच वर्षांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने औद्योगिक पाहणी समिती नेमली आणि तिने खेडोपाडी फिरून माहिती जमवली. त्याआधी गुजरातमधील मातर तालुक्याची पाहणी कुमारप्पांनी गुजरात विद्यापीठातील विद्यार्थ्यांना सोबत घेऊन केली होती. आजच्या भाषेत ते फेलोच म्हणायचे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले, घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत बसवली आणि नवजात मृत्यूचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पुढे हीच पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशाच्या आरोग्य धोरणात आली. त्याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू विक्रीचा अधिकार प्रत्यक्षात आला. त्यामागे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने वर्षानुवर्षे चाललेला गावाचा अभ्यासगट होता. कायदा आणायचा, मोठ्याने वाचायचा, समजेपर्यंत चर्चा करायची आणि मग ग्रामसभेने ठरवायचे, अशी ती रीत. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना माहीत आहे. तिच्या मागे असलेला हा अभ्यास फारसा कोणी सांगत नाही.

फेलोशिप म्हटले की आमच्या अभ्यासिकेतील मुलांना बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आठवतात, म्हणजे त्यांच्याकडून पीएच.डी.साठी मिळणारी अधिछात्रवृत्ती. धोरणाच्या क्षेत्रातील फेलोशिप वेगळी असते. ठरावीक मुदतीसाठी दरमहा मानधन, एखाद्या खात्यात, जिल्हाधिकारी कार्यालयात, लोकप्रतिनिधीकडे किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम, आणि जोडीला थोडे शिक्षण. राज्य सरकारचा मुख्यमंत्री फेलोशिप कार्यक्रम 2015 मध्ये सुरू झाला, मध्ये बंद पडला आणि 2023 मध्ये पुन्हा सुरू झाला. त्यात साठ जागा, वय 21 ते 26, पदवीला किमान 60 टक्के गुण आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव, अशा अटी आहेत. पीआरएस या दिल्लीच्या संस्थेने 2010 मध्ये खासदारांना संसदीय कामात साहाय्य करणाऱ्या तरुणांसाठी फेलोशिप सुरू केली, तिची वयोमर्यादा पंचविसाची. केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाची महात्मा गांधी राष्ट्रीय फेलोशिप दोन वर्षांची होती. तिच्यात सहभागी झालेल्या व्यवस्थापन संस्थांमध्ये नागपूरची आयआयएमही होती, आणि फेलोंना जिल्ह्यांत नेमले जाई. त्याआधी 2012 मध्ये ग्रामीण विकास मंत्रालयाने नक्षलग्रस्त जिल्ह्यांत फेलो पाठवले, त्यात गडचिरोलीही होता.

या वयाच्या अटीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गातील उमेदवार 38 व्या वर्षापर्यंत बसू शकतो. त्यामुळे आमच्या मुलांच्या डोक्यात वेळेचा जो हिशेब असतो, तो लांबचा असतो. पदवी, मग पदव्युत्तर शिक्षण, मग चार-पाच ‘अटेम्प्ट’, आणि मग दुसरे काहीतरी पाहू. हे दुसरे काहीतरी पाहण्याची वेळ येते तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षे उलटलेली असतात आणि पंचवीस-सव्वीसची दारे केव्हाच बंद झालेली असतात. शहरातील मुलाला ही दारे पदवीच्या दुसऱ्या वर्षीच दिसतात. वास्तविक या मुलांची तयारी कच्ची नसते. राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल ती मार्च महिन्यात पानन् पान वाचतात, पंचायत राज आणि संविधानाची कलमे त्यांना तोंडपाठ असतात, आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाल्यामुळे आता ती रोज उत्तरे लिहून काढतात. शासकीय आकडा वाचणे आणि त्यावर दोन पाने मराठीत लिहिणे त्यांना जमते. इंग्रजी आणि संगणकावर आकडेमोड या दोन ठिकाणी ती कमी पडतात. यातले दुसरे सहा महिन्यांत शिकता येते. एक्सेल तर इथल्या एमएस-सीआयटीच्या वर्गातही शिकवतात, पण ते प्रमाणपत्रापुरते.

इंग्रजीबद्दल माझी भूमिका नीट मांडतो, कारण यावर लगेच ‘मग इंग्रजी शिकूच नये का?’ असा प्रश्न येतो. शिकलेच पाहिजे. संशोधनाचे बहुतेक वाचन इंग्रजीत आहे आणि तिथे सवलत मागण्यात अर्थ नाही. पण निवडीच्या पहिल्या पायरीवर इंग्रजी ठेवले की परीक्षा विचारांची होत नाही, शाळेची होते. महाराष्ट्रातील ग्रामपंचायत, कृषी किंवा आरोग्यावर काम करायचे असेल तर ठराव, सातबारा, पंचनामे, ग्रामसभेचे इतिवृत्त आणि शासन निर्णय हे सगळे मराठीत असते. मुख्यमंत्री फेलोशिपसाठी मराठी लिहिता-वाचता-बोलता येण्याची अट आहे, ती याच कारणाने. मग खासगी संस्थांनी निदान महाराष्ट्रातील कामासाठी लेखनाचा नमुना मराठीत स्वीकारायला काय हरकत आहे? पहिली चाळणी मराठीत लावावी, निवड झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत इंग्रजीची तयारी करून घ्यावी, आणि त्या काळात जोडीदार म्हणून मराठी न येणारा शहरी फेलो द्यावा. तोही काही शिकेल. त्याचबरोबर ‘संस्थेचे नाव’ या रकान्याची सक्ती काढावी, आणि दोन प्राध्यापकांऐवजी ग्रामसेवक, आशा, मुख्याध्यापक किंवा बचत गटाच्या अध्यक्षा यांचे शिफारसपत्र चालेल असे लिहावे. मुलाने गावात काय केले हे त्यांना अधिक ठाऊक असते.

पैशाचा मुद्दा याहून अवघड आहे. फेलोशिपचे मानधन महिना संपल्यावर मिळते. महानगरात खोली घ्यायची तर अनामत आधी भरावी लागते. कापूस अजून घरात आणि भाव पडलेला, अशा वेळी ती रक्कम कुठून आणायची, या एका प्रश्नावर निवड झालेली मुलेसुद्धा अडतात. निवड झाल्यावर पहिल्या महिन्याची रक्कम आगाऊ मिळेल की नाही, एवढे जाहिरातीत लिहिले तरी पुष्कळ होईल. आज मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा दहा हजार रुपये मिळतात आणि तो ग्रामपंचायतीत किंवा शाळेत बसतो. ते काम कसेही असले तरी रात्री तो आपल्या घरी जेवतो, म्हणून आई-वडिलांना ते पटते.

आई-वडिलांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे परमनंट हाय का?’ त्यावर मी खोटे बोलत नाही. बहुतेक फेलोशिप वर्षा-दोन वर्षांच्या असतात. सरकार बदलले की कार्यक्रम थांबतात, हे आपण मुख्यमंत्री फेलोशिपच्या बाबतीत पाहिले. खासगी संस्थांची कथाही तशीच असते. दिल्लीतील 1973 पासूनच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चचा परकीय देणग्यांचा परवाना 2023 मध्ये स्थगित झाला आणि तिथे काम करणाऱ्या अनेकांना बाहेर पडावे लागले. तेव्हा या क्षेत्रात येताना स्थैर्य गृहीत धरू नये. पण स्पर्धा परीक्षेच्या सहाव्या प्रयत्नात कोणते स्थैर्य असते, हेही त्या आई-वडिलांना विचारावेसे वाटते. मी विचारत नाही, कारण त्यांच्याकडे उत्तर नाही आणि माझ्याकडेही नाही.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्या अंकात आठवड्यातून एकदा नोकरीविषयक माहितीचे पान असते. त्यात पोलीस भरती, बँका, रेल्वे आणि महावितरण यांच्या जाहिराती असतात आणि त्या असाव्यातच. त्याच पानावर एक चौकट धोरणसंस्थांच्या पदांसाठी आणि फेलोशिपसाठी ठेवावी. त्यात वयोमर्यादा, मुदत, मानधन, काम कुठे करायचे आणि अर्जाला काय जोडायचे, एवढे सोप्या मराठीत दिले तरी पुरे. पुण्याची गोखले संस्था 1930 पासून अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राचा अभ्यास करते आहे. सन 1984 मध्ये विदर्भ आणि मराठवाड्याचा अनुशेष मोजून देणाऱ्या समितीचे अध्यक्ष वि. म. दांडेकर त्याच संस्थेतले. हे आमच्या मुलांना परीक्षेपुरते माहीत असते. पण अशा संस्थेत साहाय्यकाची जागा निघते आणि तिला आपणही अर्ज करू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आपल्या चौकटीत आलेली अशी एखादी जागा मी तेवढी कापून अभ्यासिकेच्या दारावर लावीन.

ज्या मुलीबद्दल लिहिले, ती सध्या सकाळी अभ्यासिकेत आणि दुपारी वावरात असते. तिला या वर्षी पंचविसावे लागले. एक रुपयाची विमा योजना 2025 च्या खरिपापासून बंद झाली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांच्या (म्हणजे निवडक वावरांतील पीक कापून उत्पादन मोजण्याच्या) आधारे ठरू लागली, त्यामुळे 72 तासांचे रकाने आता निरुपयोगी झाले आहेत. तिने वहीचे मधले पान उलटून नवे रकाने आखले आहेत : कापणी प्रयोग कोणाच्या वावरात झाला, तिथे ओलीत होते की कोरडवाहू, आणि तो होताना गावातील कोण हजर होते. वही वाचनालयाच्या कपाटात, संदर्भग्रंथांच्या खणात ठेवलेली असते. किल्ली माझ्याजवळ आहे.

आपला नम्र,
एक ग्रंथपाल
ता. घाटंजी, जि. यवतमाळ